सोळावी खाच

रामजी : ही नाही गं, हिच्या शेजारची. तुटक तुटक काढलीय ती. ही कसली लाइन?

प्रिती : पप्पा, ते भिंग जरा बाजूला घ्या, मला काही दिसत नाहीये. हां, ही. ही आता नाहीये.

रामजी : नाहीये तर काढली कशाला?

प्रिती : आधी होती. आता रद्द करायचीय. रद्द म्हणजे, तिच्यावर 'फ्युचर' असं लिहायचं. पुढे कधीतरी.

बकुळा : अगो बाय, जेवून दोन तास झाले आणि टेबलावर अजून त्या बोटीचा नकाशाच. मी सुकट निवडायला बसू कुठे? जमिनीवर? गुडघे काय मला कंपनीनं दिलेत?

प्रिती : ये ना आई, ह्या कोपऱ्यात बस. फक्त कागदावर सांडू नकोस. उद्या मीटिंगला न्यायचाय.

बकुळा : ने की तसाच. त्यांना पण कळू दे, परळच्या घरात रविवारचा वास कसला असतो ते.

रामजी : बोट नाही ती, बकुळा. तरंगता कारखाना आहे. तीन वर्षं पोरगी सांगतेय तुला.

बकुळा : कारखाना बोलला की मला गिरणी दिसते. बोट बोलला की निदान पाणी तरी दिसतं. लांब केवढी बोलली होतीस गो?

प्रिती : साडेतीनशे मीटर. आपला हा टॉवर आडवा पाडायचा, आणि असे पाच एकापुढे एक.

बकुळा : आडवा पाडण्याची भाषा नको. चाळ पाडून हा मिळायला अकरा वर्षं गेली.

रामजी : मी सांगतो, चुकलो तर थांबव. समुद्राच्या तळाला विहिरी. तिथून गॅस वर ह्या जहाजावर येणार. जहाजावरच तो साफ करायचा, मग इतका गार करायचा की त्याचं पाणी होतं.

प्रिती : उणे एकशे साठ डिग्री.

रामजी : तेच. सहाशे घागरी गॅस एका घागरीत मावतो. मग दुसरी जहाजं येऊन तो भरून नेणार, जपानला, युरोपला.

प्रिती : आपल्याकडेही येईल थोडा. बरोबर आहे पप्पा, फुल मार्क.

रामजी : आणि जहाज पंचवीस वर्षं एकाच जागी. हलायचं नाही.

प्रिती : फिरायचं मात्र. मध्ये हा गोल खांब दिसतोय ना, तो तळाला नांगरलेला. वारा फिरेल तसं जहाज त्याच्याभोवती फिरतं.

बकुळा : जात्याच्या मधल्या खुंटीसारखं.

प्रिती : अगदी तसंच! मी आमच्या नव्या मुलांना दोन-दोन स्लाइड्स लावून समजावते, आणि तू एका शब्दात सांगितलंस.

रामजी : म्हणजे सगळे पाइप ह्या खुंटीतूनच वर येणार. त्यासाठी ह्या खाचा ठेवल्यात. मी मोजल्या. पंधरा ठळक आणि एक तुटक.

प्रिती : सोळावी. तीच ती. पंधरा खाचांतून सगळं वर येतं. सोळावीतून गॅस खाली जाणार होता, समुद्राच्या तळानं सत्तर किलोमीटर, तिकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या गावाला.

रामजी : त्यांचाच गॅस, त्यांना.

प्रिती : त्यांच्या सरकारशी करारच आहे तसा. पंधरा टक्के गॅस देशातल्या लोकांसाठी. पण पुढे एक वाक्य आहे, 'परवडत असेल तर'. आता दर पडलेत, खर्च कापायचाय, म्हणून परवडत नाही. पाइप टाकणार नाहीत हे तर ठरलंच. उद्या सकाळी डिझाइन फ्रीझ होतंय, मग काही बदलता येत नाही. त्यानंतर कोरियातल्या यार्डात पोलाद कापायला घेतील. ही खाचसुद्धा नको म्हणतायत.

बकुळा : मग नको तर नको. तुझं काय अडलं त्यात?

प्रिती : माझी सही लागते. पाइप आणि जहाज जिथे जोडले जातात, ते सगळं माझ्याकडे आहे. 'टेक्निकल ऑब्जेक्शन नाही' असं ह्या फॉर्मवर सहा वाजेपर्यंत सही करून पाठवायचंय.

बकुळा : पाच वाजायला आले. कर आणि हो मोकळी. कोरियाचं तेवढ्यावरच अडलंय ना? मी अख्ख्या मजल्याला सांगून बसलेय, आमची प्रिती दोन वर्षं कोरियाला साहेबीण म्हणून चाललीय. हिंदमाताच्या बाजारात जाऊन तुला शाल पण घेऊन आले. जावई आमचा, राकेश, रजेचा अर्ज टाकून बसलाय. हत्ती गेला नि शेपूट राहिलं तुझं.

प्रिती : तसंच आहे गं. सही केली की यार्डातली लीड मी. आमच्या कंपनीत यार्डात लीड म्हणून आजपर्यंत बाई गेलेली नाही.

रामजी : आणि नाही केली तर?

प्रिती : मेघना जाईल. तीही चांगलीच आहे कामाला.

रामजी : मला एक सांग. जहाज बनलं, तिकडे नांगरलं. दहा वर्षांनी गॅसचे दर चढले, सरकारनं सांगितलं, आता द्या आम्हाला पाइप. तेव्हा ही खाच पाडता येईल?

प्रिती : जागेवर? नाही. तो खांब म्हणजे जहाजाचा कणा आहे. सगळ्या विहिरी बंद करायच्या, जहाज सोडवायचं, ओढत यार्डात न्यायचं, खांब उघडायचा. चौदा महिने तरी जातील. चौदा महिने एक थेंब विकला जाणार नाही.

रामजी : म्हणजे कोणीही करणार नाही.

प्रिती : जगात कोणी केलेलं माझ्या माहितीत नाही.

रामजी : मग 'पुढे कधीतरी' कशाला लिहिता? 'कधीच नाही' लिहा.

प्रिती : तेच तर टोचतंय ना पप्पा! मी पाइप मागतच नाहीये. पाइप नका टाकू, पण खाच ठेवा, वर झाकण घाला. नव्वद टन पोलाद जास्त, एवढंच. त्या जहाजात दोन लाख टनांच्या वर पोलाद आहे.

रामजी : हे मीटिंगमध्ये बोललीस?

प्रिती : बोलायला घेतलं होतं.

रामजी : घेतलं होतं म्हणजे?

प्रिती : मी त्या गावात आठ दिवस राहून आलेय ना. संध्याकाळी सात वाजता वीज जाते ती जाते. बायका कोळशावर स्वयंपाक करतात, घराघरात धूर. मी तेवढंच सांगितलं, आणि ओघात म्हणून गेले, की आमच्याही चाळीत स्टोव्ह होता, मला माहितीय ते काय असतं. तर एक जण हसला. म्हणाला, गमरे मॅडमनी चाळ थेट आफ्रिकेत नेली. सगळेच हसले, वाईट मनानं नाही. मग हितेंद्र सर मला बाहेर घेऊन गेले आणि चांगल्या शब्दांत म्हणाले, प्रिती, पर्सनल नको आणूस, लोक म्हणतील हिचं इंजिनियरिंग नाही, समाजकार्य चाललंय.

रामजी : आणि तू?

प्रिती : आत गेले आणि गप्प बसले. त्यानंतर तीन मीटिंगा झाल्या. तो विषयच काढला नाही. उलट कोणी काढलाच, तर आधी मीच म्हणायचे, परवडत नाही तर नको. का म्हणायचे, काय माहीत. मला दाखवायचं होतं की मी पर्सनल नाहीये.

बकुळा : बरं केलंस. नोकरीत आपलं तोंड आणि आपलं ताट, दोन्ही सांभाळायचं. हे पण आयुष्यभर तेच करत आले.

रामजी : बकुळा, ते सुकट जरा बाजूला ठेव.

बकुळा : का? वास येतो?

रामजी : नाही. मला एक सांगायचंय. तू पण ऐक.

बकुळा : अहो, छातीत दुखतंय का?

रामजी : नाही गं, तसलं काही नाही. प्रिती, मी गॅस कंपनीत लागलो एकोणसत्तरला. खोदकामावर. मग फिटर. अठ्ठ्याहत्तरला मुकादम झालो.

प्रिती : हो, आपल्यातले पहिले. माहितीय पप्पा.

रामजी : अकरा माणसं हाताखाली. पेढे वाटले. त्याच दिवशी कँटीनमध्ये मागून एक जण बोलला, आता काय, गमरेच्या वस्तीला गॅस फुकट. मी मागं वळून बघितलं नाही. पण शब्द कानात बसला.

बकुळा : हे मला माहीत नाय.

रामजी : सांगितलंच नाही. पुढच्या वर्षी एक लाइन निघाली, हॉस्पिटलकडून साहेबांच्या क्वार्टर्सकडे. सहा इंची, बिडाचा पाइप. ती आपल्या गल्लीतून गेली. आपल्या चाळीच्या अगदी पायरीखालून.

प्रिती : खालून गॅस जायचा आणि आपण रॉकेल जाळायचो, ते तुम्ही नेहमीच सांगता.

रामजी : सांगतो. पण अर्धंच सांगतो. पाइप टाकताना घरांसाठी जागोजाग टी सोडायची असते. इंग्रजी टी अक्षरासारखा जोड, एक तोंड वर. आत्ता कनेक्शन नाही दिलं तरी चालतं, झाकण मारून ठेवायचं. नंतर बिनाटीचंही भोक पाडता येतं, पण मग रस्ता परत खोदा, वरच्या परवानग्या काढा. टी असली की तासाभराचं काम.

प्रिती : आमची खाच तेच आहे.

रामजी : तेच आहे. मघापासून मी त्या तुटक रेघेकडे का बघतोय? साहेब होते दस्तूर म्हणून, पारशी, देवमाणूस. नकाशा उघडून चाळीसमोर उभे राहिले आणि मला विचारलं, रामजी, इधर कितना टी डालने का? चार टी हातगाडीवर तयार होत्या. मी 'चार' बोललो असतो तर त्यांनी चार घातल्या असत्या. दुसरा प्रश्न विचारला नसता.

प्रिती : आणि तुम्ही?

रामजी : मागे माझी अकरा माणसं फावडी घेऊन उभी. माझी चाळ कुठली, सगळ्यांना माहीत. मी बोललो, एक भी नहीं साब, इधर का लोग नहीं लेगा.

बकुळा : काय?

रामजी : चारही टी संध्याकाळी स्टोअरला परत जमा केल्या. वहीत सही केली.

बकुळा : तुम्ही बोललात? 'इकडचे लोक घेणार नाय', हे तुम्ही बोललात?

रामजी : मी.

बकुळा : अहो, त्र्याऐंशी साली चाळीनं अर्ज केला होता. ऐंशी बिऱ्हाडांच्या सह्या आणि अंगठे. शेजारची कमळाबाई घरोघर फिरली होती त्यासाठी.

रामजी : अर्ज मीच लिहून दिला होता.

बकुळा : आणि कंपनीचं उत्तर आलं, ते चाळीच्या मीटिंगमध्ये उभं राहून वाचलं कोणी?

रामजी : मी वाचलं. 'सदर लाइनवर जोड ठेवलेले नाहीत. रस्ता नुकताच नवीन केलेला असल्यामुळे पुन्हा खोदण्यास परवानगी नाही.' अजून पाठ आहे.

बकुळा : आणि मी तुमच्या बाजूला बसून कंपनीला शिव्या घालत होते. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. तुम्ही माझा हात धरून खाली बसवलंत मला. मला वाटलं, नोकरीवर येईल म्हणून घाबरलात.

रामजी : शरम वाटली होती.

प्रिती : आई, पाणी देऊ?

बकुळा : नको. मला पाणी नको. सिलिंडर येईपर्यंत तेरा वर्षं, प्रिती. तू झालीस तेव्हा पण रॉकेलच. पहाटे चारला उठून रांगेत डबा लावायचा, साडेसहाला हॉस्पिटलात ड्यूटी. केसांना, लुगड्याला, हाताला तोच वास. वॉर्डातली सिस्टर बोलायची, बकुळाबाई, तुम्ही जिन्यात असलात तरी कळतं. सगळ्या हसायच्या. मी पण हसायचे. आणि चाळीतल्या बायका वेगळ्याच. गॅस कंपनीतल्या माणसाची बायको रॉकेलच्या रांगेत, दिव्याखाली अंधार. मी त्यांना सांगायचे, माझा नवरा सचोटीचा आहे, घरच्यासाठी मागत नाय. छाती पुढे काढून सांगायचे हो मी!

रामजी : मी तेव्हा सचोटीच समजत होतो तिला.

बकुळा : ती सचोटी नव्हती.

रामजी : नव्हती. भीती होती. दुसऱ्याच्या गल्लीत मी न विचारता टी सोडायचो. माझगावला सोडल्या, भोईवाड्यात सोडल्या. गरिबाची चाळ असली की दोन जास्तच. फक्त आपल्या गल्लीत नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून मी आपल्याच माणसांचं नाव कापलं.

बकुळा : पंचेचाळीस वर्षं जेवलात माझ्या हातचं. एकदा तरी सांगायचं होतं.

रामजी : दर वर्षी वाटायचं, आता सांगू. मग सिलिंडर आला. मग वाटलं, आता कशाला.

प्रिती : पप्पा, हे तुम्ही मला आज का सांगताय? सही करू नको म्हणून?

रामजी : मी कोण सांगणार? तुझी नोकरी, तुझं कोरिया. तू मघाशी बोललीस ना, मीच आधी म्हणायचे, नको. ते ऐकलं आणि मला राहवलं नाही.

प्रिती : पण सही न करून काय होणार आहे? मी ऑब्जेक्शन लावलं तरी ते मला बाजूला करून करतीलच. मग माझं पण गेलं आणि त्यांचं पण.

रामजी : करतील कदाचित. त्याची खात्री मी देत नाही.

बकुळा : मला एक सांग. त्या गावातल्या बायकांना तुझं नाव माहीत आहे?

प्रिती : नाही गं. त्यांना कसं असेल?

बकुळा : उद्या तू सही केलीस, बोट बनली, त्यांच्या दारात पंचवीस वर्षं उभी राहिली. त्यांना कोणी सांगणार आहे, की हिच्यात तुमच्यासाठी जागा ठेवता आली असती?

प्रिती : कोणीच नाही.

बकुळा : त्यांना वाटणार, असंच असतं. मला पण तसंच वाटलं. कंपनी आहे, देत नाय, असंच असतं. आज कळतंय की एका माणसानं 'चार' बोलायचं होतं फक्त.

प्रिती : आई, मघाशी तूच म्हणालीस, सही कर आणि हो मोकळी.

बकुळा : मघाशी मला माहीत नव्हतं.

प्रिती : कोरिया जाईल.

बकुळा : जाऊ दे. म्हणजे, मला वाईट वाटेल. खूप वाटेल. शाल मी वापरीन. पण तुझ्या म्हातारपणी तुझ्या पोरीसमोर असं मान खाली घालून बसू नकोस.

प्रिती : थांबा, सरांचाच फोन. (फोनवर) हां सर. नाही, पाठवलं नाही अजून. सर, मी ऑब्जेक्शन लावतेय. सोळाव्या खाचेवर. हो, विचार करूनच. नाही सर, ह्या वेळी समाजकार्य नाही, नव्वद टन विरुद्ध चौदा महिने, एवढंच लिहितेय. हो. कमिटी काय म्हणेल ते माहितीय मला. उदाहरण? म्हणजे कुठे तरी आधी असं झालेलं? सहाच्या आत? ठीक आहे सर. आणि कोरियाचं... नाही, कळतं मला. तुम्ही स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं. मेघनाला माझ्याकडून फाइल्स मिळतील. थँक यू सर.

रामजी : रागावले?

प्रिती : नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, मेघनाचं नाव द्यावं लागेल. यार्डात ऑब्जेक्शन घेणारी लीड क्लायंटला चालत नाही.

बकुळा : रड हवं तर.

प्रिती : नंतर. आता वेळ नाही. सर म्हणाले, नुसतं मत पाठवलंस तर कमिटी वाचणार नाही. फॉर्ममध्ये एक कॉलम आहे, पूर्वीचं उदाहरण. आधी कुठे जोड ठेवला नाही आणि म्हणून नंतर कधीच देता आला नाही, असं घडलेलं दाखव. ते भरलं असेल तर ते उद्या कमिटीसमोर ठेवतील. रिकामं असेल तर फॉर्म परत येणार.

रामजी : जहाजाचंच पाहिजे?

प्रिती : जहाजांचं कुठून आणू? कोणी लिहूनच ठेवत नाही. सगळीकडे 'फ्युचर' लिहिलेलं असतं, पुढे काय झालं ते कोण बघतो?

रामजी : गॅसची लाइन चालेल?

प्रिती : पप्पा...

रामजी : चालेल का सांग.

प्रिती : चालेल. गॅस वाहून नेणारी कुठलीही लाइन. पण तुम्हाला चालेल का?

रामजी : घे लिहायला. आणि दया येईल असं काही लिहू नकोस. माप लिही. मापाला कोणी हसत नाही.

प्रिती : ठिकाण, परळ, मुंबई. वर्ष?

रामजी : एकोणऐंशी. मार्च. सहा इंची बिडाची लाइन, कमी दाबाची. चाळीसमोरची लांबी दोनशे चाळीस फूट.

प्रिती : काय वगळलं?

रामजी : चार टी. जागेवर हजर असलेल्या. बसवायला अर्धा दिवस लागला असता.

प्रिती : का वगळलं?

रामजी : तसा कॉलम आहे?

प्रिती : आहे. 'निर्णयाचं कारण'.

रामजी : लिही, मुकादमानं मागणी नाही असं कळवलं. प्रत्यक्षात मागणी होती.

प्रिती : परिणाम?

रामजी : चार वर्षांनी रीतसर अर्ज आला. रस्ता खोदण्यास परवानगी नाही म्हणून नाकारला. ऐंशी बिऱ्हाडं बारा वर्षं गॅसशिवाय राहिली.

बकुळा : तेरा.

रामजी : तेरा. तेरा लिही.

प्रिती : माहिती देणाऱ्याचं नाव लागतं. पण मी 'निवृत्त कर्मचारी' एवढंच टाकते. तेवढं चालतं.

रामजी : नाव लिही. रामजी सखाराम गमरे.

प्रिती : पप्पा, आडनाव बघून सगळ्यांना कळेल, माझे वडील आहेत. पुन्हा म्हणतील, पर्सनल आणलं. आणि हा कागद कोरियाला जाणार, जपानच्या लोकांकडे जाणार. जहाज असेपर्यंत रेकॉर्डला राहणार.

रामजी : म्हणू दे. त्यांना मापं खोटी वाटली तर मला बोलवायला सांग. मी येईन. आणि राहू दे रेकॉर्डला. ह्या कामात माझं नाव कुठेच लागलं नाही, इथे लागू दे.

प्रिती : लिहिलं. पाच बावन्न. आई, तू एकदा बघतेस?

बकुळा : मला काय कळतंय त्यातलं. आण इकडे. चष्मा दे माझा. हे काय, नुसतंच नाव?

प्रिती : मग काय हवं?

बकुळा : मुकादम लिही आधी. मग पाठव.